गायरानाचा होकार

ग्रामसभेत आता मत तोंडाने देता येत नसे. भिंतीवरचा कॅमेऱ्याचा डोळा हात वाचायचा. हात समोर झटकला की नकार, आपल्याकडे ओढला की होकार. बायकांनी आठवडाभर त्याचे धडे गिरवले होते. प्रशिक्षक निमकरांनी प्रत्येकीच्या चुका वहीत टिपल्या होत्या. स्वतःची एकही नव्हती.

आज विषय एकच होता. गावाचं गायरान सर्व्हरच्या कोठाराला द्यायचं की नाही. गजराबाईंची सून मनीषा उभी राहिली.

"गायरान गेल्यावर आमच्या शेळ्यांनी काय तुमच्या वायरी चघळायच्या?"

सभा खदखदून हसली. कोठारवाल्या कंपनीचाच पगार घेणाऱ्या निमकरांचा चेहरा पडला.

"मतदान सुरू," डोळा म्हणाला.

गजराबाईंचा ऊर भरून आला होता. त्यांनी सुनेच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. ते पाहून साऱ्या म्हाताऱ्यांनी बसल्या जागेवरून मनीषाची तशीच दृष्ट काढली.

"होकार एकेचाळीस, नकार सव्वीस. गायरान देण्यास मंजुरी."

"अरे मेल्या, पोरीची दृष्ट काढली आम्ही!" गजराबाई कडाडल्या. "गायरान द्यायचं नाही म्हणजे नाही!"

"आजी, नोंद झाली," निमकर आता हसत होते. "मत मागे घ्यायची खूण पुढच्या महिन्याच्या वर्गात शिकवू."

गजराबाई तरातरा पुढे गेल्या आणि त्यांनी निमकरांच्या थोबाडीत ठेवून दिली.

डोळा क्षणभर लुकलुकला.

"खूण ओळखता आली नाही. कृपया पुन्हा करा."