न भ्यालेला मासा

“सर, खरं खरं सांगा. माझे मासे तुम्ही खात होते का नाही?”

मथुराबाईनं हे तापीच्या भर राजघाटावर विचारलं, आणि तेही सरांची, म्हणजे डॉक्टर हिरामण चौधरींची बायको शेजारी उभी असताना. सरस्वतीबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. चातुर्मासात त्यांच्या घरी कांद्यालासुद्धा उंबरा ओलांडायची परवानगी नसे.

सर इंदूरहून दोन दिवसांसाठी बुऱ्हाणपूरला आले होते, पुतणीच्या लग्नाला. मांडवात डीजे सुरू झाला तसे ‘जरा तापी बघून येऊ’ म्हणत ते बायकोला घेऊन बाहेर पडले. खरं म्हणजे त्यांना मासळीबाजाराचा वास घ्यायचा होता. शाकाहारी माणसाला असली ओढ उघड सांगता येत नाही.

इथल्याच कॉलेजात त्यांनी उभी हयात माशाच्या खवल्यावर काढली. खवल्यावर बारीक काळे ठिपके असतात, त्यांत मेलॅनिन. स्टेरॉइड हार्मोनचा थेंब टाकला की ते मेलॅनिन कमी-जास्त कसं होतं, आणि थेंबाचा निरोप पेशीच्या पटलातून आत पोचतो कसा, एवढंच त्यांना बघायचं होतं. बघता बघता ते रिटायर झाले. पटलानं सगळं काही सांगितलं नाही.

या कामाला मासा जिवंत लागे, आणि न भ्यालेला. भ्यालेला मासा फिका पडतो. मग त्याच्या खवल्यावर कुणी भरवसा ठेवत नाही. म्हणून दर शुक्रवारी मथुराबाई पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन, त्यावर ओलं फडकं टाकून, नदीपासून कॉलेजच्या मागच्या दारापर्यंत अशी चालत यायची की हंड्यातल्या पाण्यालाही कळू नये. ते फडकं उचलायची आणि आत काळाभोर, निवांत मासा. सरांना अजून तो तसाच दिसत होता.

“घाबरवायचं नाही म्हणायचे ना तुम्ही,” मथुराबाई म्हणाली. “एकदा रस्त्यात बैल उधळला. मी भ्याली. मासा नाही भिऊ दिला. गिऱ्हाइकालाही मी तेच सांगायची, न भ्यालेला मासा गोड लागते, म्हणून सर तोच नेतात. धूलकोटच्या ठेकेदारानं पार्टीला सगळा माल उचलला, तुमचा मासा नाही दिला त्याला. आणि आता हा लोटू काय म्हणते, ऐका.”

लोटू तिचा पुतण्या. आता तिच्या जागेवर तोच बसायचा, वजनकाट्याशेजारी क्यूआर कोड लावून.

“सच्ची बात बोललो, काकू,” तो मासा साफ करता करता म्हणाला. “सर खवले खरडायचे आणि मासा यादव चपराशाला देऊन टाकायचे. यादवनंच सांगितलं मला. खाऊन खाऊन त्याची वर्दी दोनदा उसवली.”

“यादवसाठी मी मान झिजवली?”

तिची मान एका बाजूला कललेली होती. हंड्यानं की वयानं, ते सांगता येत नव्हतं.

“खाल्ला असला तर हो म्हणा, सर. नसला तर नाही म्हणा. फुकट गेला तर गेला, कळलं तरी पाहिजे.”

फुकट नाही गेला, असं सरांना म्हणायचं होतं. त्या माशांवर त्यांचे सहा शोधनिबंध छापून आले होते, एक तर परदेशात. पण जिच्या लेखी मासा ताटातच सार्थकी लागतो, तिला निबंध वाढायचा कसा? आणि खोटं बोलायचं तर त्यांनी जन्मात एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हंड्यातला मासा करायचा तसं.

“खायचे की,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “मीच रांधायची.”

नोकरीची सगळी वर्षं या बाईनं दर शुक्रवारी नवऱ्याला मागच्या नळावर अंघोळ घालून मगच घरात घेतलं होतं. ‘आमचे हे फक्त खवले बघतात हो, खात नाहीत,’ हे गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन पटवलं होतं. आता घाटावरची दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्यातला एक लग्नातलाच पाहुणा निघाला.

“अगं,” सर म्हणाले.

“तुम्ही गप बसा. खाताना नाही लाजलात ते.”

मथुराबाईचा चेहरा उजळला. लोटूला मात्र काही ते पटेना.

“कसा बनवायच्या, मॅडम?”

“कसा म्हणजे? सगळे बनवतात तसाच. स्वच्छ धुवायचा, फोडी करायच्या, हळद-मीठ लावायचं, आणि कुकरला चार शिट्ट्या.”

लोटूचा सुरा थांबला. चार शिट्ट्यांत म्हातारा बोकड शिजतो. माशाचा नुसता लगदा होतो, हे घाटावर सगळ्यांना ठाऊक होतं. सरस्वतीबाईंना नव्हतं आणि सरांनाही नव्हतं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. लोटू हसायच्या बेतात काकूकडे वळला.

मथुराबाई सरस्वतीबाईंकडे बघत होती. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“तापीचा मासा आहे तो, तळ्यातला नाही,” ती लोटूला म्हणाली. “चार लागतातच.”