नावाची कार्डं

निवडणुकीला पैसा पुरवणाऱ्यांची नावं जाहीर करायला लावणारा कायदा सिनेटर बेंडिक्सनी भाषणं ठोकून ठोकून पास करून घेतला. तो लागू होणार होता सात एप्रिल १९७२ला. त्या आनंदात साहेबांनी सहा तारखेलाच वॉशिंग्टनच्या हॉटेलात मेजवानी ठेवली. ताटाला हजार डॉलर, रोख, थेट त्यांच्या निवडणूक फंडात.

सेक्रेटरी लव्हर्नने हौसेने प्रत्येक ताटापुढे पाहुण्याच्या नावाचं कार्ड मांडलं. साहेब आत आले आणि त्यांना घामच फुटला.

"लव्हर्न, उचल आधी ती कार्डं!"

"अहो साहेब, स्पेलिंग चुकलं का कुणाचं?"



"नावं जाहीर करायची ती उद्यापासून! आज बिचाऱ्यांना सुखाने जेवू दे."