बाबाची झोप

अभयची कॉल सेंटरमधली नोकरी रात्रीची, त्यामुळे घरातली दुपार त्याच्या झोपेची. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत पावणेदोन वर्षांच्या पोराला गप्प बसवणार तरी कसं? जेवणं उरकली की कल्याणी निहारला कडेवर घेऊन भर उन्हात बाहेर पडायची. कधी साड्यांच्या दुकानात, कधी बँकेच्या एटीएममध्ये, जिथे एसी असेल तिथे.

एटीएमच्या वॉचमनकाकांनी शेवटी विचारलंच, "ताई, पैसे काढायचेत का?"

"नाही काका, दुपार काढायचीय."

काका हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी निहारला बसायला स्वतःचं स्टूल द्यायला सुरुवात केली.

मे संपता संपता अभयला चार दिवसांची रजा मिळाली. पहिल्याच दुपारी तो अंघोळ करून, नवा बॉल घेऊन फरशीवर मांडी घालून बसला. "निहारबाळ, आज बाबा झोपणार नाही. ये, आपण खेळू."

निहारने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग ओठांवर बोट ठेवलं, चवड्यांवर चालत दारापाशी गेला आणि आईकडे बघून दोन्ही हात वर केले.