दोन किल्ल्यांसाठी टेबल

आमच्या सूनबाईला एक वस्तू सरळ घेता येईल तर शपथ! दाराजवळ दोन किल्ल्या ठेवायला वीतभर रुंदीचं लाकडी टेबल हवं, तर तिने तीन दुकानं पालथी घातली आणि प्रत्येक टेबलापुढे मलाच उभं केलं. "आई, यावर हात टेका. अजून जोर द्या. हललं का?" दुकानदार गालातल्या गालात हसत होता. शेवटी नक्षीचं, देखणं टेबल सोडून बाईसाहेबांनी जाडजूड पायांचा ठोकळा उचलला.

घरी आणून ठेवला कुठे, तर चपला घालताना मी भिंतीला हात टेकते, अगदी तिथे. गुडघा दगा देतो हे मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. पण माझ्या पंजाचा मळकट डाग भिंतीवर होताच की!

टेबलावर हात टेकून मी चपला घातल्या. मेलं तसूभर हललं नाही. मग सुनेला हाक मारली.


"नजर तिखट आहे गं तुझी. काठी आणली असतीस ना, तर तुझ्याच पाठीत घातली असती."