घरात आणलेलं वावर

पायांवरची काळी माती धुवायला सदाशिवरावांना अडीच तांबे पाणी लागे. मैनाबाईनं हे नीट पाहून ठेवलं होतं. पहिल्या तांब्यापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर निर्णय असे, दुसऱ्याला तो पुसट होई आणि उरलेल्या अर्ध्यात वाहून जाई. उंबरा ओलांडून सतरंजीवर बसेपर्यंत त्यांना काही म्हणता काही आठवत नसे.

निर्णय सहा एकर वावराचा होता. नाव मुलाचं, रजतचं लावायचं, की मुलीचं, अर्पिताचं? रजत पुण्याला नोकरीत, अर्पिता यवतमाळला शिक्षिका. ज्याचं वावर, त्याच्याकडे नवऱ्याच्या मागं मैनाबाईनं राहायचं. पुणं की यवतमाळ, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

वावरात उभं राहिलं की सदाशिवरावांना आपलं ठरलेलं लख्ख आठवे. पण त्यांच्या घराण्यात वाटणीची गोष्ट धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बोलत नसत. ती घरात, चार माणसांसमोर बोलायची. बोरी अरब गावची चार माणसं आजवर चारदा येऊन नुसता चहा पिऊन गेली होती.

"जिथं ठरवलं तिथंच आठवते, असं असते," विज्ञान शिकवणारी अर्पिता म्हणाली. "बाबांले वावरात बोलता येत नाही ना? मग वावर घरात आणू."

रविवारी बैठकीत अकरा घमेली काळी माती पसरली गेली. कपाशीच्या बारा पऱ्हाट्या मुळासकट उपटून बादल्यांत उभ्या केल्या. रजतनं मोबाइलवर मोटारपंपाचा आवाज लावला. सदाशिवराव डोक्याला दुपट्टा बांधून मधोमध उभे राहिले. चार माणसं पाय वर घेऊन खाटेवर बसली.

"सदाभाऊ, बैलं बी घेऊ काय आत?" कागद लिहायला आलेल्या उकंडाभाऊंनी विचारलं.

कोणी हसलं नाही.

"आठवून राह्यलं का, बाबा?"

"धुरे दिसून राह्यले. मधातलं काहीतरी कमी हाय."

अर्पितानं माती भिजवली. रजतनं पंखा बंद करून आवाज वाढवला.

"अजून कमी हाय."

मैनाबाई पाचव्या खेपेचा चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तेवढ्यात तिला तिसऱ्या बादलीतलं बोंड दिसलं. पुरतं उमललेलं, कापूस मातीला टेकायला आलेला. ते काही तिला पाहवेना. तिनं ट्रे खाली ठेवला, पदर कमरेला खोचून ओटी केली आणि वाकून वेचायला लागली. एक झाड झालं, दुसरं झालं. चार माणसांकडे आपली पाठ आहे, हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"आई, हे काय करून राह्यली तू?" रजत कुजबुजला.

तिच्या मागं मोटारीचा आवाज थांबला.

"आता पुरं झालं वावर," सदाशिवराव म्हणाले. "लिहा, उकंडाभाऊ. हिच्या नावानं."