कोपरा

छबुबाई गेल्याचा फोन आला तेव्हा रामकिसन कुत्र्याच्या पिल्लाला बाहेर न्यायला निघाला होता. पिल्लू काखेत होतं. बीडच्या दवाखान्यातून पुतण्या हनुमान बोलत होता आणि मधेच रडत होता. रामकिसननं पिल्लू खाली ठेवलं आणि फोन दोन्ही हातांनी धरला. पिल्लू मधल्या खोलीच्या कोपऱ्यात गेलं, जमीन हुंगली आणि तिथंच मुतलं. त्या दिवशी त्याला कोणी हटकलं नाही. तेव्हापासून त्याची जागा तीच झाली.

पिल्लू छबुबाईनंच आणलेलं. उसाच्या बांधावर एकटं ओरडत होतं. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी तिनं मधली खोली सारवून काढली. बाकी घराला फरशी बसली होती. ही एक खोली तिनं हट्टानं मातीची ठेवून घेतली होती, उन्हाळ्यात पाठ टेकायला. हात धुता धुता ती नवऱ्याला म्हणाली, "मी येईस्तोवर ह्याला भायेर जायला शिकवा. न्हाई तर माझ्या सारवणाची वाट लावंल."

सुतक फिटायच्या दिवशी बायका मधली खोली सारवायला आल्या. सगळी खोली झाली. त्या कोपऱ्यात तेवढा रामकिसन पोतं टाकून बसला होता, तो उठला नाही. दुःखातला माणूस म्हणून कोणी जोर केला नाही.

आज मात्र थोरली भावजय रुक्मिणीबाई शेणाची बादली घेऊनच आली.

"भावजी, वास पार वट्ट्यावर यायलाय. सरका तिकडं."

"राहू द्या, वैनी."

"कावून राहू द्या? सगळ्या घराचं सुतक फिटलं, ह्या कोपऱ्याचं तसंच हाय. अन् कुत्र्याची जात ती. वास असंल तवर तितंच जाणार. सारवल्याबिगर शिकायचं न्हाई ते."

"मी शिकवायलोय की."

"दिसतंय मला. मग असं करा, जिथून आणलं त्या बांधावर सोडून या."

"तिनं आणलंय," रामकिसन म्हणाला.

रुक्मिणीबाईनं मग पुढं ऐकलं नाही. पदर खोचला, मूठभर शेण घेतलं आणि कोपऱ्यात उकिडवी बसली. हात जमिनीला टेकणार तोच थांबला.

जुन्या सारवणावर बोटांच्या कमानी उमटलेल्या होत्या, एकीला लागून दुसरी. भिंतीकडच्या अजून धड होत्या. अलीकडच्या कमानींचे मुतानं फुगून पोपडे सुटले होते. प्रत्येक कमानीत एका बोटाची जागा मोकळी होती. छबुबाईचं ते बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली.

रुक्मिणीबाईच्या मुठीतून शेणाचं पाणी गळत राहिलं.

"आदी सांगायचं की हो," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय सांगू? सारवलं तर आजच जातंय. न्हाई सारवलं तर हे रोज थोडं थोडं नेतंय."

तेवढ्यात पिल्लू उठलं. जमीन हुंगत, गोल फिरत कोपऱ्याकडं निघालं. रामकिसननं झडप घालून त्याला उचललं. निम्मं त्याच्या पायजम्यावर झालं.

"त्याला न्हाई, तुमालाच शिकवाया पायजे," रुक्मिणीबाई म्हणाली. पण हसू काही तिला आलं नाही.

अंगणात लिंबाच्या बुडाशी त्यानं पिल्लाला ठेवलं. पिल्लू घराकडं पळालं. त्यानं परत आणलं. ते पुन्हा पळालं, त्यानं पुन्हा आणलं.

"इथं, बाबा. इथं कर. ती आल्यावर मला बोलंल."

पिल्लानं त्याच्याकडं मान वाकडी करून पाहिलं. मग लिंबाचं खोड हुंगलं, माती उकरली, आणि मागचे पाय वाकवून तिथंच बसलं. राहिलेलं सगळं मोकळं केलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आगं, भायेर ये की," रामकिसन घराकडं तोंड करून ओरडला, "बघ तर, शिकलं..."

आतून रुक्मिणीबाई बाहेर आली.

तिनं रांजणापाशी हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्याकडं न बघता आपल्या घराकडं गेली. रामकिसन आत आला. बादली उंबऱ्याशी होती. शेण वाळू नये म्हणून तिनं वर ओलं पोतं टाकलं होतं.

पिल्लू त्याच्या मागोमाग आत येऊन कोपरा हुंगू लागलं. तो कमानी सांभाळून भिंतीला टेकून बसला आणि त्यानं पिल्लाला मांडीवर घेतलं.

दुपारी पोतं सुकलं. रामकिसननं उठून त्यावर पुन्हा पाणी मारलं. कोपरा अजून सारवायचा होता.