वारा पडल्यावर

वाऱ्याचा काटा चाळिसाच्या वर गेला तेव्हा नित्याने रोपवे थांबवला. नियमच आहे. वर जाणारा पाळणा रिकामा होता, खाली येणाऱ्यात दोघं. पडद्यावर चेहरे दिसले. कुंभकोणमची सुंदरी मामी आणि तिचा लेक शशांक.

पाच मिनिटांत वारा पडला. काटा अकरावर आला. नित्याने बटणाला हात लावला नाही.

आठ महिन्यांपूर्वी शशांकसाठी मुलगी बघायला आलेल्या ह्याच मामीने तिला घरात सगळ्यांसमोर दोनदा चालवलं होतं, पाय धड आहेत का बघायला. पद म्हणवलं. केसरीचा शिरा मागून मागून गिळला आणि घरी जाऊन कळवतो म्हणाली. अप्पा अजून फोन वाजला की कमरेची वेष्टी सावरत धावतात. मध्ये आलेली दोन स्थळं त्यांनी परत पाठवली. शब्द अडकलाय म्हणे.

तिने माइक ओढला. आधी तमिळमध्ये, नेहमीचंच, घाबरू नका. मग घरच्या मराठीत.

"सुंदरी मामी, वैद्यनाथांची नित्या बोलतें. उठा. दारापर्यंत चाला आणि परत या."

मामी कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मग उठली. दांडी धरून दोन पावलं गेली, दोन आली. खाली नुसती दरी.

"दांडी सोडून. मला कुठे होती दांडी?"

शशांक आईला धरायला उठला तसा पाळणा झुलला. तो मटकन खाली बसला. मामी एकटीच चालली, हात पसरून.

शेजारच्या खुर्चीतल्या वेंकटेशला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. वारा पडला की, सुरू कर, तो म्हणाला. आणि काय सांगतेस त्यांना इतकं? धीर देते, नित्या म्हणाली.

"आता एक पद म्हणा, मामी."

स्पीकरमधून कापरा आवाज आला. दुसऱ्या ओळीला तो फाटला.

"सोड गे आम्हांस, पोरी. चूक जाहली."

काटा सहावर होता.

"आवाज बरा आहे," नित्या म्हणाली. "अप्पांस विचारून कळवितें."

तिने माइक बंद केला आणि दहीभाताचा डबा उघडला.